आजोबांच्या शिकारी रायफलीचं मूळ कसं शोधावं

सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतल्या जुन्या घरांत परवान्यावरची एखादी शिकारी रायफल अजूनही असते. ती कुठली म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं असतं. कोणी म्हणतं जर्मन, कोणी म्हणतं लिस्बनहून बोटीनं आलेली, कोणी म्हणतं लंडनची, साहेबाकडून घेतलेली. गंमत अशी, की तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य असू शकतं. फर्माशी म्हणजे ऑर्डरप्रमाणे बांधून घेतलेली रायफल एका छपराखाली तयार होत नसे. अ‍ॅक्शन (काडतूस भरून बार उडवणारी मधली यंत्रणा) एका गावची, नळीचं पोलाद दुसऱ्या कंपनीचं, लाकडी दस्ता तिसऱ्या कारागिराचा, वर कोरलेलं नाव विकणाऱ्या दुकानाचं, आणि पुढे गोव्यात आल्यावर पावसाळ्यानं आणि वाळवीनं खाल्लेलं लाकूड इथल्या मेस्तानं म्हणजे सुतारानं बदललेलं. म्हणून ‘ही कुठली?’ हा प्रश्न प्रत्येक भागाला वेगवेगळा विचारावा लागतो, आणि नळीवरच्या नावाला शेवटी. घाई करून पहिल्याच नावावर विश्वास ठेवला की पुढचं सगळं चुकतं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीचे दिवस कधीच संपले आणि ते बरंच झालं. पण रायफल घराण्याच्या, बंदराच्या, व्यापाराच्या इतिहासाचा पुरावा आहे. तो पुरावा नीट वाचला जावा, आणि वाचण्याच्या नादात पुसला जाऊ नये, यासाठी हा लेख.

आधी कागद

परवाना कोणाच्या नावावर आहे ते सर्वांत आधी बघा. परवानाधारक वारले असतील आणि रायफल कपाटात तशीच असेल, तर तिचा अभ्यास सुरू करण्यापूर्वी ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. शस्त्र कायदा १९५९ चं कलम २१ तेच सांगतं. मग वारसानं जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि वारशानं आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. ‘जुनी आहे, शोभेची आहे’ हे कारण कोणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या मापाची. .३०३ च्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली कायद्यानं प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सुंदर शिकारी दस्ता चढवला म्हणून त्यात फरक पडत नाही. तुमच्या परवान्यावर बोअर एक लिहिलेलं आणि नळीवर दुसरं दिसत असेल, तर आधी परवाना खात्याशी बोला.

तिसरी गोष्ट या लेखाच्या विषयाला थेट भिडते. कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. म्हणजे पॉलिश पेपर घेऊन ‘जरा चकचकीत’ करायला बसणारा माणूस इतिहास तर पुसतोच, वर कायद्याच्याही कचाट्यात सापडू शकतो.

रिकामी करा, बोल्ट बाहेर काढा

नळी सुरक्षित दिशेला ठेवा. बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दंडगोल, मागे ओढा, मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही तपासा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून वेगळा ठेवा. माउझर या जर्मन कंपनीच्या पद्धतीच्या रायफलीत मागच्या बाजूला डावीकडे बोल्ट-स्टॉप असतो. तो बाहेर ओढला की बोल्ट निघतो. बोल्ट बाहेर असेपर्यंत रायफल उडूच शकत नाही, म्हणून पुढची सगळी पाहणी तशीच करा. रायफलीचं मूळ ठरवताना ती चालवून बघायची काहीच गरज नसते. कित्येक दशकं न वापरलेल्या नळीत बार काढणं म्हणजे स्वतःचा डोळा पणाला लावणं आहे.

सोबत जुन्या काडतुसांचा डबा निघाला तर त्याच्या बुडावरची अक्षरं टिपून घ्या. ‘कायनॉक’ असेल तर माल बर्मिंगहॅमचा, ‘डी डब्ल्यू एम’ असेल तर जर्मनीतल्या कार्ल्सरूहेचा. काडतुसांनाही परवाना लागतो आणि जुनी दारू भरवशाची नसते. तीही जमा करण्याच्याच यादीत.

उजेड, तेल, फोटो

खुणा वाचायला उजेड तिरका हवा. ट्यूबलाइटखाली समोरून बघितलं तर अर्धे शिक्के दिसतच नाहीत. खोली थोडी अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. सपाट वाटणाऱ्या गंजाच्या थरातून मुकुटाची कडा उठून येते. मऊ सुती फडक्यावर बंदुकीचं तेल घेऊन पुसा, बारा तास राहू द्या, पुन्हा पुसा. खाचेत अडकलेला मळ लाकडाच्या दातकोरणीनं काढा. वायर ब्रश, एमरी पेपर, चिंच, लिंबू, गंज काढायचं अ‍ॅसिड यातलं काहीही वापरू नका. शिक्का वाचता आला नाही तर त्यावर पांढरी टाल्कम पावडर हलक्या हातानं चोळून वरची पुसून टाका. अक्षरांत राहिलेली पावडर फोटोत स्पष्ट येते.

प्रत्येक खुणेचे दोन फोटो घ्या, एक जवळून आणि एक थोडा लांबून, म्हणजे खूण कुठल्या जागी आहे ते कळेल. शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा.

महत्त्वाचे शिक्के दस्त्याच्या आत लपलेले असतात, म्हणजे नळीच्या खालच्या बाजूला. त्यासाठी अ‍ॅक्शन लाकडातून वेगळी करावी लागते. हे काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून, तुमच्या समोर करून घ्या. जुन्या चांगल्या रायफलींच्या स्क्रूची खाच अतिशय अरुंद असते. घरातला पाचर-टोकी स्क्रूड्रायव्हर तिथे घसरतो आणि खाच फाटते. बांधणाऱ्याच्या हाताचा कस या स्क्रूंवरूनच कळतो. उंची रायफलीत सगळ्या स्क्रूंच्या खाचा नळीच्या रेषेत उभ्या लावलेल्या दिसतात. एखादीच आडवी असेल तर तो स्क्रू मागाहून कोणीतरी काढलेला आहे.

अ‍ॅक्शन कोणाची

विसाव्या शतकातल्या बहुसंख्य फर्माशी बोल्ट रायफली माउझर ९८ वर बांधलेल्या आहेत. ओळख सोपी आहे. बोल्टच्या उजव्या अंगाला लांबलचक नखासारखा पोलादी एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) असतो, तो बोल्टबरोबर फिरत नाही. पुढे बोल्ट अडकवणारे दोन खुंट (लग), आणि मागे तिसरा सुरक्षेचा. मागच्या टोकावर तीन जागी फिरणारा उभा सेफ्टीचा पंखा. बोल्टच्या अंगावर गॅस बाहेर पडायला दोन भोकं. नळी जिथे बसते त्या रिंगचा व्यास कॅलिपरनं मोजा. साधारण ३५.८ मिलिमीटर आला तर मोठी रिंग, ३३ आला तर छोटी. हा आकडा लिहून ठेवा, पुढे तो कामाला येतो.

रिंगवर माउझर कंपनीची फलकाच्या आकाराची मोहोर असेल तर अ‍ॅक्शन ओबर्नडॉर्फची. इतर कारखान्यांनीही हीच अ‍ॅक्शन बनवली. बेल्जियमच्या हेर्स्टाल इथल्या एफ एन कंपनीनं पहिल्या महायुद्धानंतर ती शिकारी रायफलींसाठी भरपूर विकली. लष्करी अ‍ॅक्शन घासून शिकारी केलेली असेल तर रिंगच्या वर किंचित सपाटी किंवा दबलेला भाग दिसतो. तिथे कधीकाळी राज्यचिन्ह असतं.

गोव्यात मात्र एका अ‍ॅक्शनकडे मुद्दाम लक्ष द्यावं असं मला वाटतं. बोल्टचा दांडा मागच्या पुलाच्या (बोल्टवरच्या मागच्या कमानीच्या) मागेच न थांबता, पुलातल्या चिरेतून पार जात असेल, तर ती माउझर ९८ नाही. ती माउझर-व्हेर्गेरु असू शकते. पोर्तुगीज सैन्याचं १९०४ चं हे मॉडेल जोझे आल्बेर्तु व्हेर्गेरु या अधिकाऱ्यानं आखलं आणि डी डब्ल्यू एमच्या बर्लिनमधल्या कारखान्यानं बनवलं. मूळ काडतूस ६.५×५८ (नळीचं माप आणि काडतुसाच्या खोळीची लांबी, मिलिमीटरमध्ये). रिंगवर मुकुट आणि राजा कार्लोस पहिला याची अक्षरमुद्रा असते. पोर्तुगालातली राजेशाही ऑक्टोबर १९१० मध्ये संपली, म्हणजे मुकुट दिसला की रायफलीची मागणी त्याआधीची. पुढे १९३९ पासून यातल्या बऱ्याच रायफली ७.९२×५७ साठी बदलल्या गेल्या, म्हणून नळी आणि अ‍ॅक्शन यांचं वय एक असेलच असं धरून चालू नका. ऑस्ट्रियाच्या स्टायर कारखान्याच्या मानलिखर-शोनाउअर शिकारी रायफलींचा पूलही असाच चिरलेला असतो, पण त्यांत फिरतं गोल मॅगझिन असतं आणि रिंगवर १९०३, १९०५, १९०८ किंवा १९१० असं मॉडेलचं साल असतं. ते साल मॉडेलचं आहे, बनावटीचं नव्हे.

भारतीय बनावटीही विसरू नका. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ ची शिकारी रायफल आपल्याकडे सर्रास दिसते. तिचं काडतूस म्हणजे जुनं ८×५०आर मानलिखर. अशा रायफलीला कोणी नवा अक्रोडाचा दस्ता आणि शिंगाचं टोक लावलं तर ती फर्माशी दिसते, पण तिची ओळख अ‍ॅक्शनवरच्या कारखान्याच्या खुणेनंच होते.

आता क्रमांक. अ‍ॅक्शन, बोल्ट, नळी, ट्रिगर गार्ड, मॅगझिनची तळपट्टी, या प्रत्येकावरचा क्रमांक किंवा त्याचे शेवटचे दोन-तीन आकडे वेगळे लिहून घ्या. सगळे जुळले तर रायफल एकत्र जन्मली. बोल्टचा क्रमांक जुळत नसेल तर ती केवळ इतिहासाची बाब राहत नाही, बोल्टची बैठक जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते.

प्रूफचे शिक्के

माझ्या मते सगळ्या पाहणीतला सर्वांत भरवशाचा पुरावा हाच. दुकानदाराचं नाव कोणीही कोरू शकतो. पण सरकारमान्य चाचणीगृहानं जादा दारूचा बार भरून नळी तपासली आणि शिक्का मारला, तो शिक्का देश सांगतो आणि बहुधा काळही. कुठे शोधायचे? चेंबरच्या डाव्या बाजूला, रिंगवर, बोल्टवर, आणि लाकडाखाली झाकलेल्या नळीच्या पोटावर.

ब्रिटिश शिक्के दोन घरांचे. लंडनचं चाचणीगृह गनमेकर्स कंपनीचं, तिला १६३७ ची सनद आहे. त्याची खूण म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली जी पी अक्षरं, आणि पाहणीसाठी मुकुटाखाली व्ही. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३ चं. १९०४ पर्यंत त्याच्या शिक्क्यात एकमेकांवर आडवे दोन राजदंड दिसतात. १९०४ नंतर मुकुटाखाली बी पी, बी व्ही आणि एन पी अशी जोडअक्षरं येतात. एन पी म्हणजे धूररहित दारूची चाचणी. १९५४ च्या नियमांनंतर बी एन पी हा एकच शिक्का आला, आणि दाबाचा आकडा चौरस इंचाला टनांत लिहिला जाऊ लागला. त्याआधी दारूचं वजन आणि गोळीचं वजन लिहीत. ‘कॉर्डाइट’ (एक धूररहित दारू) हा शब्द, त्यापुढे दोन आकडे आणि ‘मॅक्स’ असं दिसलं तर रायफल त्या नियमांच्या आधीची.

याच नळ्यांवर कधी ‘नॉट इंग्लिश मेक’ अशी ठळक अक्षरं असतात. लोक ती बघून खट्टू होतात, रायफल नकली निघाली असं समजतात. खरं तर ही अक्षरं सोन्यासारखी आहेत. परदेशात बनलेली नळी ब्रिटनमध्ये तपासताना १९२५ ते १९५५ या काळात हा शिक्का मारत असत. म्हणजे नळी ब्रिटनची नाही हे आणि तीस वर्षांची चौकट, दोन्ही एका ओळीत कळतात.

जर्मन शिक्के १८९१ च्या कायद्याचे, अंमल १८९३ पासून. मुकुटाखाली एकेक अक्षर असतं. बी म्हणजे चाचणी, यू म्हणजे पाहणी, जी म्हणजे पेचदार आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) असलेली नळी, एन म्हणजे धूररहित दारू. १९४० पासून मुकुट जाऊन गरुड आला. मुकुट दिसला की १९४० पूर्वीचं, इतकं तरी पक्कं. काही नळ्यांवर महिना आणि वर्ष असे छोटे आकडे असतात. ‘४ २७’ असेल तर एप्रिल १९२७. ‘जी बी पी’ आणि ‘एस टी एम जी’ अशी अक्षरं ग्रॅममधल्या आकड्यासोबत दिसली तर तो चाचणीच्या बाराचा हिशोब आहे: दारूचं वजन आणि पोलादी कवचाची गोळी. त्याला कारागिराचं नाव समजू नका.

एका जर्मन आकड्यानं मी अनेकांना बुचकळ्यात पडलेलं पाहिलं आहे. नळीच्या पोटावर १७२ आणि २८ असे आकडे बारीक रेघेनं किंवा बिंदूनं जोडलेले असतात. काहींना तो क्रमांक वाटतो, काहींना तारीख. तो आहे बोअरचा जुना गेज. बारा बोअर म्हणजे जिथे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या नळीच्या मापाच्या होतात. तोच हिशोब इथे १७२.२८ गोळ्यांचा. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. भागाकार केला तर एका गोळीचं वजन सुमारे २.६३ ग्रॅम, आणि तेवढ्या शिशाच्या गोळीचा व्यास ७.६२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ०.३०० इंच. हे आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर झालं. गोळीचा व्यास त्याहून मोठा असतो. अशा रीतीनं मापलेलं बोअर दिसलं की नळी जुन्या पद्धतीच्या काळातली आहे हे कळतं.

बेल्जियमचं लिएज शहर पोर्तुगीज बाजारातही माल पाठवत असे, त्यामुळे गोव्यातल्या बंदुकांवर त्याचे शिक्के भेटतात. लंबगोलात ई एल जी अक्षरं. त्यावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचं. धूररहित दारूच्या चाचणीला पी व्ही अक्षरांवर सिंह, १८९८ पासून. तारा आणि त्याखाली एक अक्षर हे तपासनीसाचं चिन्ह. १९२२ पासून वर्षासाठी स्वतंत्र अक्षर मारू लागले. स्पेनच्या शिक्क्यांतही वर्षाची अक्षरं आहेत, ती १९२७ पासून सुरू होतात.

एका नळीवर दोन देशांचे शिक्के असतील तर गोंधळून जाऊ नका. उलट तिच्या प्रवासाचा क्रम त्यातूनच मिळतो.

नावं आणि पत्ते

नळीच्या वर कोरलेलं नाव बहुधा विक्रेत्याचं असतं. कलकत्त्याच्या मँटन, रॉडा, लायन अँड लायन यांनी, किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सनी, विलायतेत बनलेल्या रायफली आपल्या नावानं विकल्या. पूर्व आफ्रिकेत राहून परतलेल्या गोमंतकीय कुटुंबांकडे नैरोबीच्या दुकानाचं नावही सापडू शकतं. पत्ता असेल तर तो नावापेक्षा मोलाचा. हॉलंड अँड हॉलंडचा ९८ न्यू बाँड स्ट्रीट हा पत्ता १८७६ पासून साधारण १९६० पर्यंतचा. जर्मनीत ‘त्सेला सेंट ब्लासी’ असं गाव लिहिलं असेल तर १९१९ पूर्वीचं, कारण त्या वर्षी ते शेजारच्या मेहलिसशी जोडलं जाऊन त्सेला-मेहलिस झालं.

‘क्रुप’, ‘ब्योलर’, ‘पोल्दी’ ही नावं बघून रायफल क्रुपची म्हणणारे खूप भेटतात. ही पोलाद पुरवणाऱ्या कंपन्यांची नावं आहेत. बांधणारा वेगळाच.

दस्ता, साईट, घडण

इथे शिक्का नसतो, हाताची सवय असते. इंग्लिश घडणीत पुढचं लाकूड सडपातळ, टोकाला काळं म्हशीचं शिंग, पकडीजवळची चौकडीची नक्षी अगदी बारीक, पट्ट्याची कडी नळीवरच्या बांगडीला. मागची साईट (नेम धरायची खूण) उघडझाप करणाऱ्या पानांची, एक पान स्थिर आणि बाकीची दुमडणारी, आकडे यार्डांत. जर्मन-ऑस्ट्रियन घडणीत दुहेरी चाप, चपटा बोल्ट-दांडा, कधी शिंगाचा ट्रिगर गार्ड, अष्टकोनी किंवा अर्धी अष्टकोनी नळी, लाकडाचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं वळलेलं, आणि आकडे मीटरांत. साईटवर १०० लिहिलं आहे म्हणून यार्ड की मीटर ते कळत नाही, पण बाकीच्या घडणीशी ते जुळवून बघता येतं. उंच गालपट्टी, लाकूड आणि रबर पॅड यांच्यात पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी, ही १९५० नंतरची अमेरिकी धाटणी. जुन्या नळीला असा दस्ता असेल तर तो मागाहूनचा.

लाकडाकडे गोव्यात जास्तच बारकाईनं बघावं लागतं. मूळ दस्ता जवळजवळ नेहमी अक्रोडाचा. शिसव किंवा सागवान दिसलं तर ते इथलं काम. मेस्तानं केलेला जोड वाईट असतो असं मुळीच नाही. काही जोड इतके नेटके असतात की बोटाला लागतच नाहीत. पण ते ओळखायचे असतील तर बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाची पट्टी, काढून आतलं लाकूड बघा. वरून पॉलिशनं रंग एक करता येतो, आतलं उघडं लाकूड मात्र खरा रंग दाखवतं. तिथे आणि नळीच्या खोबणीत पेन्सिलीनं लिहिलेला ऑर्डरचा आकडा किंवा कारागिराची आद्याक्षरं सापडू शकतात. ती पुसू नका, वॉर्निश तर अजिबात लावू नका.

दुर्बीण असेल तर तिचं नाव आणि क्रमांक टिपून ठेवा. झाइस, हेन्सोल्ट, काहलेस अशी नावं भेटतात. नखांच्या पकडीचा जुना माउंट (दुर्बिणीची बैठक) जर्मन-ऑस्ट्रियन कामाकडे बोट दाखवतो. पण दुर्बीण बदलता येते, म्हणून तिला दुय्यम पुरावा माना.

नळी खरंच काय खाते

कॅलिबर लिहिलेलं असलं तरी मोजल्याशिवाय मानू नका, कारण काडतूस मिळेना म्हणून नळ्या पुन्हा रुंद केल्या जात. दुरुस्तीवाल्याकडून दोन मापं घ्यायला सांगा. एक म्हणजे नळीतून मऊ शिशाची गोळी ढकलून आट्यांच्या खोलीपर्यंतचा व्यास. दुसरं म्हणजे चेंबरचा साचा. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो, ओतल्यावर आधी आकसतो आणि तासाभरात मूळ मापावर येतो, म्हणून मोजणी त्या सुमारास करायची.

आठ मिलिमीटरच्या जर्मन रायफलीत हे माप जीवनमरणाचं आहे. ८×५७ जे या जुन्या काडतुसाची गोळी .३१८ इंचाची, जेएसची .३२३ इंचाची. बाहेरून काडतूस सारखंच दिसतं. जुन्या अरुंद नळीत जाड गोळी गेली तर दाब धोकादायक वाढतो.

कॅलिबरवरून तारखेची खालची सीमाही मिळते. ९.३×६२ हे बर्लिनच्या ओटो बॉक यांचं काडतूस १९०५ चं, .३१८ वेस्टली रिचर्ड्स १९१० चं, .४१६ रिग्बी १९११ चं, .३७५ हॉलंड मॅग्नम १९१२ चं. मूळ नळी .३७५ मॅग्नमची असेल तर रायफल १९१२ च्या आधीची असणं शक्य नाही, घरात कितीही आधीची गोष्ट सांगितली जात असो. ‘.२७५ रिग्बी’ लिहिलेलं असेल तर ते माउझरचं ७×५७च आहे, हेही लक्षात ठेवा.

डिचोलीच्या बाजूची एक रायफल

घरातली समजूत होती ‘लंडनची’. नळीवर सुबक अक्षरांत मँटन, कलकत्ता. रिंग ३५.८ मिलिमीटर, लांब एक्स्ट्रॅक्टर, तीन जागी फिरणारी सेफ्टी, म्हणजे माउझर ९८. दस्त्यातून बाहेर काढल्यावर नळीच्या पोटावर मुकुटाखालची बी पी, बी व्ही, एन पी ही अक्षरं, ‘कॉर्डाइट’चा हिशोब, आणि त्याच्या शेजारी ‘नॉट इंग्लिश मेक’. लंडनचा एकही शिक्का नाही. तळपट्टीचा क्रमांक अ‍ॅक्शनशी जुळत नव्हता. दस्ता अक्रोडाचा, पण मागच्या टोकाला चार बोटं शिसवीचा जोड, बटप्लेट काढल्यावरच दिसणारा. परवान्याच्या पुस्तकातली सर्वांत जुनी नोंद मुक्तीनंतरची.

हे सगळं मी तीन मथळ्यांखाली लिहितो: पक्कं, संभाव्य, ऐकीव. पक्कं एवढं, की अ‍ॅक्शन माउझर ९८ पद्धतीची, नळी ब्रिटनबाहेर बनलेली, तिची चाचणी बर्मिंगहॅमला १९२५ ते १९५५ दरम्यान झाली, आणि विक्री कलकत्त्याच्या दुकानातून. संभाव्य म्हणजे बांधणी बर्मिंगहॅमच्या एखाद्या घाऊक कारागिराची, आणि तळपट्टी व शिसवीचा जोड इथला. लंडन आणि साहेब ऐकीवात गेले. घरच्यांना आधी वाईट वाटलं, मग त्यांनीच कलकत्त्याशी संबंध असलेला नातेवाईक आठवून काढला. तोही तूर्त ऐकीवातच लिहिला आहे.

गोव्यातले कागद

रायफल कुठल्या वाटेनं आली हे ठरवताना काळ बघा. १९५५ मध्ये भारतानं आर्थिक नाकेबंदी केली आणि मुरगावची रेल्वे वाहतूक सरहद्दीपलीकडे थांबली. त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत युरोपी माल मुख्यतः समुद्रमार्गे आला. १९५५ च्या आधी बंदर आणि रेल्वे या दोन्ही वाटा उघड्या होत्या. मुक्तीनंतर देशाच्या इतर भागांतून परवान्यावर बंदुका येऊ लागल्या, त्यामुळे कलकत्ता किंवा मुंबईच्या दुकानाचं नाव असलेली रायफल कधी गोव्यात आली हे नावावरून सांगता येत नाही.

जुन्या ट्रंकेत पोर्तुगीज परवाना असेल तर त्यावर ‘एस्पिंगार्दा’ म्हणजे लांब नळीची बंदूक, ‘कासा’ म्हणजे शिकार, ‘कालिब्रे’ आणि ‘नूमेरु’ हे शब्द शोधा. क्रमांक जुळला तर घरातली मालकी किमान त्या तारखेपर्यंत मागे जाते. एस्पिंगार्दा हा शब्द छऱ्याच्या बंदुकीलाही वापरतात, म्हणून क्रमांक जुळल्याशिवाय निष्कर्ष नको. पणजीचं पुराभिलेख खातं आणि पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय इथे पोर्तुगीज काळातली कागदपत्रं आणि सरकारी गॅझेट पाहता येतात. जाताना गाव, तालुका, पणजोबांचं पूर्ण नाव पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये आणि अंदाजे वर्षं लिहून न्या. नुसतं ‘बंदुकीबद्दल काही आहे का’ विचारून हाती काही लागत नाही.

ब्रिटिश कारागिराचं नाव आणि क्रमांक दोन्ही मिळाले तर कंपनीला लिहा. हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्या जुन्या वह्या टिकून आहेत. क्रमांकावरून मूळ गिऱ्हाईक, कॅलिबर, तारीख यांचा उतारा शुल्क घेऊन मिळू शकतो. ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याचं बरंचसं दफ्तर १९४५ नंतर नष्ट झालं, तिथे शिक्क्यांवरच भागवावं लागतं. पत्रात फोटो जोडा, ‘नळीवर असं वाचलं’ असं लिहू नका, अक्षर न् अक्षर जसंच्या तसं उतरवा. आणि क्रमांक असलेले फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. घरात शस्त्र आहे हे सगळ्या गावाला सांगण्यात शहाणपण नाही.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष कायदा १९७२ खाली येते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. नातेवाईक पोर्तुगालला किंवा इंग्लंडला असला आणि तिथे दाखवायची इच्छा झाली, तरी पाठवायचे ते फोटो, मापं आणि तुमची तीन मथळ्यांची नोंद. त्या नोंदीची एक छापील प्रत परवान्याच्या पुस्तकासोबत ठेवा आणि दुसरी रायफलीपासून वेगळ्या जागी, कारण रायफल निवडणुकीच्या वेळी किंवा नूतनीकरणासाठी ठाण्यात जमा असेल तेव्हाही तुमचं काम चालू राहायला हवं.